आयसोऑक्टेनमधले आयन कसे मोजावेत: पेटी घासण्यापासून आलेखापर्यंत

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत एम.एस्सी. प्रोजेक्टची वही घेऊन कुणीतरी येतं. पेटीत आयसोऑक्टेनसारखा द्रव हायड्रोकार्बन (कार्बन-हायड्रोजनचं संयुग) भरलेला असतो, व्होल्टेज लावलेलं असतं, प्रवाहाचा तक्ताही असतो. आलेख बघितला की पाच मिनिटांत कळतं, की मोजलेले आयन किरणांनी केलेले नाहीतच, ते ओलाव्याचे आणि मळाचे आहेत. उरलेल्या वह्यांत दुसरीच चूक असते. हवेच्या आयनीभवन पेटीत प्रवाह एका व्होल्टेजनंतर सपाट होतो, तसा इथेही होईल म्हणून मुलं वाट बघतात. तो होत नाही. मग ‘उपकरण सदोष’ असं लिहून मोकळी होतात. उपकरण ठीकच असतं. द्रवात तो प्रवाह सपाट होतच नाही.

सांगली-साताऱ्याकडच्या कॉलेजात साधं इलेक्ट्रोमीटर (अतिसूक्ष्म प्रवाह मोजणारं यंत्र) आणि मिरजेसारख्या ठिकाणी रेडिओथेरपी विभागाशी ओळख, एवढं जमवू शकणाऱ्यांसाठी हे लिहितोय. तीन गोष्टी मोजायच्या: विद्युतक्षेत्र वाढेल तसा प्रवाह कसा वाढतो, द्रवाने शोषलेल्या दर १०० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेमागे किती मुक्त आयनजोड्या मिळतात, आणि आयन द्रवातून किती वेगाने सरकतात.

सुरू करण्याआधी एवढं पक्कं करा

किरणाने रेणूतून इलेक्ट्रॉन उडवला की तो थोडं अंतर जाऊन थंडावतो. मागे राहिलेला धन आयन त्याला परत ओढत असतो. ही ओढ आणि उष्णतेची हलचल जिथे बरोबरीत येतात ते ऑन्सागर अंतर. पाण्यात ते ०.७ नॅनोमीटर असतं. हायड्रोकार्बनचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (प्रभारांमधली ओढ द्रवात किती पट कमी होते तो आकडा) दोनच्याही खाली, म्हणून इथे ते सुमारे ३० नॅनोमीटर भरतं. बहुतेक इलेक्ट्रॉन त्याच्या आतच थंडावतात आणि आपल्याच आयनाकडे परततात. निसटतात ते थोडे. १०० इलेक्ट्रॉनव्होल्टमागे चार-पाच जोड्या तयार होतात, पण मुक्त उरतात हेक्झेनमध्ये ०.१३ च्या आसपास आणि आयसोऑक्टेनमध्ये सुमारे ०.३३.

बाहेरून क्षेत्र लावलं की परतणाऱ्यांपैकी आणखी काही निसटतात. क्षेत्र वाढवाल तितके जास्त. म्हणून प्रवाह चढतच राहतो.

आणखी एक. हवा लागलेल्या द्रवात इलेक्ट्रॉन काही नॅनोसेकंदांत ऑक्सिजनला चिकटतो, त्यामुळे तुम्हाला दिसणारा ऋण वाहक आयनच असतो. अहवालात ‘इलेक्ट्रॉनची गतिशीलता’ (दर एकक क्षेत्रामागे मिळणारा वेग) असं लिहू नका. परीक्षक जाणकार असेल तर तिथेच अडवेल.

टप्पा १: परवानगी

रेडिओथेरपी विभागात काम करायचं तर विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या, आणि तिथल्या आरएसओंना, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसरना, पेटीचा आराखडा आधीच दाखवा. यंत्र तेच चालवतील. किरण सुरू असताना खोलीत कुणीही थांबायचं नाही. केबल बाहेर आणण्यासाठी भिंतीतून काढलेली वाट बहुतेक ठिकाणी असते, ती किती लांब पडते ते विचारून ठेवा. कॉलेजचा स्रोत वापरणार असाल तर त्याची अणुऊर्जा नियामक मंडळाकडची कागदपत्रं चालू आहेत का ते पाहा. डबीत सापडलेला, चिठ्ठी नसलेला स्रोत वापरायचा नाही.

कोबाल्ट-६० चं यंत्र मिळालं तर तेच घ्या. लिनॅकचा, म्हणजे इलेक्ट्रॉनना वेग देऊन किरण काढणाऱ्या यंत्राचा, किरण स्पंदांनी येतो. द्रवातले आयन इतके मंद असतात की एका स्पंदाचे आयन गोळा व्हायच्या आत पुढचा स्पंद येतो, आणि हिशेब फार किचकट होतो.

रुग्ण संपल्यावर, संध्याकाळी उशिरा, तासभर यंत्र मिळतं. म्हणून टप्पा ५ पर्यंतचं सगळं काम कॉलेजातच उरकून जायचं.

टप्पा २: पेटी

कुपवाड एमआयडीसीत लेथवाल्याकडून करून घ्या:

- अ‍ॅल्युमिनियमच्या २ मिमी जाडीच्या दोन ताटल्या. व्होल्टेजची ताटली ७० मिमी व्यासाची.
- समोर ५० मिमी व्यासाचा कलेक्टर, आणि त्याच प्रतलात त्याच्याभोवती ७० मिमी बाहेरच्या व्यासाची गार्ड रिंग. दोघांत पाव मिमीची फट.
- टेफ्लॉनच्या दोन चकत्या, एक १ मिमीची, एक ५ मिमीची. अंतर बदलायला पेटी बदलायची नाही, चकती बदलायची.
- वर मान, तिच्यात थोडी मोकळी जागा राहील अशी.

अ‍ॅल्युमिनियम २ मिमीच का? कोबाल्टच्या गॅमा किरणांसमोर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अर्धा ग्रॅम आवरण लागतं, ते यात बसतं, आणि टप्पा ८ मधले एक्स-रेही यातून बऱ्यापैकी पार होतात.

गार्ड रिंग काहीजण ‘कशाला तो खर्च’ म्हणून गाळतात. मग चकतीच्या पृष्ठभागावरून सरकणारी गळती थेट इलेक्ट्रोमीटरमध्ये शिरते. गार्ड जमिनीला जोडली की ती गळती बाजूने निघून जाते. प्रोजेक्टमध्ये एकाच गोष्टीवर पैसे घालायचे असतील तर इथे घाला.

*तपासा:* जोडणी झाल्यावर फीलर गेजने अंतर चार ठिकाणी मोजा. १ मिमी सांगितलेली चकती ०.९ भरली तर ०.९ लिहा. पुढचं सगळं गणित या आकड्यावर उभं आहे.

*सावधान:* १५०० व्होल्ट आणि पेट घेणारा द्रव एकत्र आहेत. आयसोऑक्टेनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेटू शकते ते) शून्याखाली १२ अंश आहे, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने त्याची वाफ पेटू शकते. प्रवाह रोखणारा मोठा रोधक (१० मेगओहमच्या वर) सगळे पॉवर सप्लायजवळ लावतात. तो पेटीजवळ हवा. पाच मीटर केबलची धारिता ५०० पिकोफॅरड धरली तर १५०० व्होल्टला तिच्यात अर्ध्या मिलिज्यूलहून जास्त ऊर्जा साठते. अशा वाफांना पाव मिलिज्यूलची ठिणगी पुरते. रोधक पेटीच्या तोंडाशी असेल तर केबलमधली ऊर्जा एकदम ठिणगीत येत नाही.

टप्पा ३: धुणं

आधी साबणपाणी, मग भरपूर डिस्टिल्ड पाणी, मग अ‍ॅसिटोन, मग ओव्हनमध्ये ६० अंशांवर रात्रभर, आणि शेवटी भरायच्याच द्रवाने तीनदा विसळणं. हा क्रम मोडायचा नाही. अ‍ॅसिटोन शेवटी ठेवलं तर त्याचा अंश द्रवात उतरतो आणि गळती कितीतरी पट वाढते.

धुतल्यानंतर टेफ्लॉनला बोट लागता कामा नये, चिमटाच वापरा. एकदा आम्ही दोन दिवस गळती शोधत होतो. केबल बदलली, द्रव बदलला, इलेक्ट्रोमीटर दुसऱ्या विभागातून मागून आणलं. शेवटी चकती खिडकीशी तिरपी धरली, तर कडेला अंगठ्याचा तेलकट ठसा, आणि त्यात तिखटाचा एक लाल कण. मुलगा मधल्या सुट्टीत भडंग खाऊन आला होता. हात धुतले होते म्हणाला, पँटला पुसले असावेत.

टेफ्लॉन कापडाने खसाखसा पुसू नका. घासल्याने त्यावर प्रभार बसतो, तो तासन्‌तास उतरत राहतो आणि तेवढा वेळ इलेक्ट्रोमीटरचा आकडा सरकत राहतो.

टप्पा ४: द्रव शुद्ध करणं आणि भरणं

सरावाला एन-डेकेन घ्या. त्याचा फ्लॅश पॉइंट ४६ अंश, त्यामुळे हाताळायला निवांत. हात बसला की आयसोऑक्टेन. एन-हेक्झेन टाळा, त्याची वाफ दीर्घकाळ श्वासात गेली तर हातापायांच्या नसांना इजा करते. बाटली एचपीएलसी दर्जाची (रासायनिक विश्लेषणासाठी शुद्ध केलेली) घेतली तरी शुद्धीकरण करावंच लागतं. त्या दर्जाला प्रकाश शोषणारी अशुद्धी चालत नाही. आपल्याला नको ती प्रवाह वाहणारी.

१. क्रोमॅटोग्राफीची पांढरी सिलिका जेल १५० ते १८० अंशांवर रात्रभर तापवा आणि डेसिकेटरमध्ये थंड करा. डेसिकेटरमधली निळी जेल कॉलममध्ये भरू नका, तिच्यात रंगाचं मीठ असतं.

२. ४० सेंमी लांबीच्या काचेच्या कॉलममधून द्रव थेंब-थेंब सोडा. पहिले २० मिलि फेकून द्या.

३. उरलेला द्रव दुसऱ्या, ताज्या कॉलममधून पुन्हा सोडा.

४. टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाच्या बाटलीत, तापवून थंड केलेल्या मॉलिक्युलर सिव्हवर (ओलावा शोषणाऱ्या सच्छिद्र दाण्यांवर) ठेवा. काढताना वरचाच द्रव घ्या. तळाशी सिव्हची भुकटी असते, आणि तिचा एक कण १ मिमीच्या फटीत पुरेसा त्रास देतो.

रबरी नळी, पीव्हीसी नळी, स्टॉपकॉकला ग्रीस, हे तिन्ही बंद. हायड्रोकार्बन या सगळ्यांतून काही ना काही विरघळवून घेतो.

भरताना पेटी तिरपी धरा, म्हणजे हवा मानेकडे सरकेल. मग उभी करा. ताटल्या उभ्याच राहिल्या पाहिजेत, किरण आडवा येईल. ताटल्यांमध्ये बुडबुडा अडकला तर तिथेच आधी डिस्चार्ज होतो. उलट पेटी काठोकाठ भरून बंद केली तर तेही महागात पडतं. ३० मिलि द्रव १५ अंशांनी तापला की अर्ध्या मिलीहून जास्त फुगतो. एप्रिलमध्ये सकाळी भरलेली पेटी दुपारी मिरजेला पोचेपर्यंत गॅस्केटमधून पाझरलेली मी पाहिली आहे. मानेतली मोकळी जागा त्यासाठीच आहे.

*तपासा:* टॉर्च मारून फटीतून आरपार बघा. तरंगणारा कण दिसला तर रिकामी करून पुन्हा भरा.

टप्पा ५: किरण नसताना गळती

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं.

व्होल्टेज शून्य ठेवून इलेक्ट्रोमीटर अर्धा तास गरम होऊ द्या. मग १ मिमी चकतीवर २५० व्होल्ट लावा आणि थांबा. पहिली काही मिनिटं प्रवाह मोठा दिसतो आणि हळूहळू उतरतो. त्यात ताटल्यांचं भारित होणं असतं, टेफ्लॉनचं ध्रुवण असतं, आणि द्रवात आधीपासून असलेले आयन झाडून निघणं असतं. पाचव्या मिनिटाचा आकडा लिहून उठणारे बरेच असतात. तो आकडा गळतीचा नाही. जमलं तर रात्रभर व्होल्टेज लावून ठेवा, सकाळचं वाचन खरं.

मग २५० च्या पायऱ्यांनी १५०० व्होल्टपर्यंत चढा आणि प्रत्येक पायरीला प्रवाह स्थिर झाल्यावर नोंदवा. हीच फेरी उलट्या ध्रुवतेने.

*तपासा:* मिनिटाला ०.०५ ग्रे (ग्रे म्हणजे किलोमागे शोषलेली एक ज्यूल ऊर्जा) एवढ्या मात्रेत आयसोऑक्टेन तुम्हाला साडेतीन-चार नॅनोअँपिअर देणार आहे. गळती त्याच्या शंभराव्या भागाच्या आत, म्हणजे ३५ पिकोअँपिअरच्या खाली हवी. नसेल तर पुढे जाऊ नका, टप्पा ३ वर परत या.

जुलै ते सप्टेंबर हे काम काढूच नका. कृष्णेकाठच्या दमट हवेत बाहेरच्या सॉकेटवर पाण्याचा अदृश्य थर बसतो. काढावंच लागलं तर सॉकेटभोवती सिलिका जेलची पुरचुंडी बांधून वर पिशवी लावा. केबल टेबलाला चिकटपट्टीने घट्ट बसवा, कारण ती नुसती हलली तरी पिकोअँपिअर निर्माण होतात.

टप्पा ६: किरणांखाली

पेटी बसवा. केबल आणि सॉकेट किरणाच्या क्षेत्राबाहेर ठेवा. मग पहिलं काम मात्रा कमी करणं. यंत्र मिनिटाला १ ग्रे देत असेल तर मधे ५ सेंमी जाडीच्या शिशाच्या विटा लावा, मात्रा सुमारे अठराव्या भागावर येते. मुलांना उलटं वाटतं: जास्त किरण, जास्त प्रवाह, मोजायला सोपं. पण दाट झालेले आयन वाटेतच एकमेकांना गाठून विझतात, यालाच पुनर्संयोग म्हणतात. हे नुकसान मात्रेच्या प्रमाणात वाढतं, अंतराच्या चौथ्या घाताने वाढतं आणि व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतं. आयसोऑक्टेनसाठी १ मिमी फटीत, २५० व्होल्टला, मिनिटाला ०.०५ ग्रे असताना ते दोन टक्क्यांच्या आसपास राहतं. १ ग्रे ठेवलंत तर जवळपास तिसरा हिस्सा आयन हरवतात.

*दोन अंतरांची कसोटी:* २५० व्होल्टवर एक वाचन घ्या. पेटी मागे सरकवून, विभागाच्या हवेच्या चेंबरने मात्रा निम्मी झाल्याची खात्री करून, दुसरं घ्या. प्रवाहही निम्मा झाला तर ठीक. निम्म्याहून जास्त उरला तर पहिल्या जागी आयन हरवत होते. मात्रा आणखी उतरवा.

कसोटी पास झाली की मुख्य फेरी. २५०, ५००, ७५०, १०००, १२५०, १५०० व्होल्ट. दर पायरीला किरण बंद असतानाचा आकडा, मग चालू असतानाचा, मग पुन्हा बंद. वजाबाकी करा. शेवटी परत २५० वर येऊन पहिलं वाचन जुळतंय का पाहा, मग ध्रुवता उलटी करून सगळं पुन्हा. दोन्हींची सरासरी घ्या, केबलमधून आलेला फालतू प्रवाह त्यात बराचसा कटतो.

आलेख काढा: आडवं क्षेत्र (व्होल्टेज ÷ ताटल्यांमधलं अंतर), उभा प्रवाह. सेंटिमीटरला ५ किलोव्होल्टच्या वरचे बिंदू सरळ रेषेत यायला हवेत. खालचा बिंदू रेषेखाली झुकला तर तो पुनर्संयोगाचा, रेषा काढताना सोडून द्या.

आता रेषा डावीकडे मागे वाढवा. २५ अंशांच्या आसपास ती आडव्या अक्षाला उणे १८ किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटरजवळ टेकली पाहिजे. ऑन्सागरच्या सिद्धान्तात हा आकडा फक्त तापमान आणि डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटवर ठरतो. मात्रा किती, पेटी केवढी, यांचा संबंध नाही. डेकेनलाही जवळपास तेवढाच येतो. म्हणून या प्रयोगातली सगळ्यात भरवशाची तपासणी हीच:

- उणे १० ला टेकली: गळती नीट वजा झाली नाही किंवा पुनर्संयोग चालू आहे.
- उणे २१-२२ ला टेकली: ताटल्यांमधलं अंतर तुम्ही धरलंय त्यापेक्षा जास्त आहे. पेच ढिले असतात बहुधा.

टप्पा ७: मुक्त आयनांचं उत्पन्न

रेषा उभ्या अक्षाला छेदते तो शून्य क्षेत्रावरचा प्रवाह. गणितात हाच वापरायचा. १५०० व्होल्टचा वापरला की उत्पन्न, म्हणजे १०० इलेक्ट्रॉनव्होल्टमागच्या मुक्त जोड्या, ऐंशीएक टक्क्यांनी फुगतं.

समजा तो ३.७ नॅनोअँपिअर आला. इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने भागला की सेकंदाला २.३१ × १०¹⁰ जोड्या. कलेक्टरसमोरचा द्रव १.९६ घन सेंमी, घनता ०.६९, म्हणजे १.३५ ग्रॅम. द्रवात मात्रा मिनिटाला ०.०५ ग्रे, तर सेकंदाला ७.०३ × १०¹² इलेक्ट्रॉनव्होल्ट शोषले गेले. १०० ने गुणून भागाकार केला की ०.३३.

इथली ठरलेली चूक: विभागाकडून मिळालेली मात्रा पाण्यातली असते, ती तशीच वापरली जाते. आयसोऑक्टेनमध्ये वजनाच्या मानाने इलेक्ट्रॉन पाण्यापेक्षा चार टक्के जास्त आहेत, कोबाल्टच्या किरणांसाठी मात्राही तेवढीच जास्त धरायची. वस्तुमान काढताना गार्ड रिंगसमोरचाही द्रव धरला जातो, ही दुसरी; तो धरायचा नाही.

वेळ उरला तर त्याच पेटीत, त्याच जागी डेकेन भरून शून्य क्षेत्रावरचा प्रवाह काढा. निम्म्याहूनही कमी येईल. फांद्या फुटलेल्या, गोलसर रेणूंच्या द्रवात इलेक्ट्रॉन थंडावण्याआधी लांब जातो, सरळ साखळीच्या द्रवात जवळच अडकतो. व्हायव्हामध्ये हे सांगायला मजा येते.

टप्पा ८: आयनांचा वेग

यासाठी ५ मिमी चकती, ५०० व्होल्ट आणि कोबाल्टऐवजी छातीचा फोटो काढतात ते एक्स-रे मशीन. एक्स्पोजर ५० मिलिसेकंद. इलेक्ट्रोमीटरचा प्रतिसाद २० मिलिसेकंदांहून जलद हवा, आणि डेटा लॉगर सेकंदाला १०० नोंदी घेणारा.

एक्स्पोजर संपताक्षणी धन आणि ऋण आयन विरुद्ध दिशांना सरकू लागतात. सगळीकडे सारखे पसरलेले असल्यामुळे प्रत्येकाचा प्रवाह सरळ रेषेत उतरतो. दोन्हींची बेरीज म्हणजे एक मोड असलेली उतरती रेषा. मोड येतो तिथे जलद आयन संपले, शून्य होते तिथे मंद. गतिशीलता = अंतराचा वर्ग ÷ (व्होल्टेज × वेळ). आयसोऑक्टेनमध्ये ती ०.०००३ चौ. सेंमी प्रति व्होल्ट-सेकंदच्या आसपास असते, म्हणजे दीड-दोन सेकंदांत खेळ संपतो. दोन्ही आयनांचे वेग जवळजवळ असल्याने मोड पुसट येतो. तो दिसला नाही तर एकच सरासरी द्या, ओढूनताणून दोन आकडे काढू नका.

*तपासा:* आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे गोळा झालेला प्रभार. ताटल्यांवर आधीच असलेला प्रभार (धारिता × व्होल्टेज) या मापात ६.७ पिकोफॅरड × ५०० व्होल्ट, ३.४ नॅनोकुलंब होतो. गोळा झालेला त्याच्या तिसाव्या हिश्शाच्या आत, म्हणजे ०.११ नॅनोकुलंबच्या खाली हवा. जास्त असेल तर आयनांनी फटीतलं क्षेत्रच वाकवलंय आणि रेषा सरळ राहणार नाही. पेटी ट्यूबपासून लांब न्या. किरण कमीच लागतात इथे, पाचएक मायक्रोग्रे.

द्रवाचं तापमान प्रत्येक वाचनाशेजारी लिहा. अंशामागे गतिशीलता टक्काभर बदलते. सकाळी २४ आणि दुपारी ३४ अंशांत घेतलेले आकडे एकाच तक्त्यात मिसळले की दहा टक्क्यांची ‘यादृच्छिक त्रुटी’ तयार होते, तिच्यात यादृच्छिक काहीच नसतं.

काम संपल्यावर

व्होल्टेज शून्यावर आणा, पाच मिनिटं थांबा, व्होल्टेजची ताटली तारेने जमिनीला टेकवा, मगच झाकण. द्रव बेसिनमध्ये ओतायचा नाही, कचरा-सॉल्व्हंटच्या बाटलीत. त्यावर नाव-तारीख घाला, आणि पेटी ओव्हनमध्ये ठेवण्याआधी आतली वाफ उडून जाईपर्यंत फ्यूम हूडमध्ये उघडी राहू द्या.